उद्याचा हक्क आणि उद्याची आशा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी मिळकतीच्या कायद्यावर, आणि त्यातही जी मिळकत आज हाती नाही, उद्या कधी तरी यावयाची आहे तिच्यावर बोलणार, असे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, श्रोते येतील ना?" आपण आलात, याबद्दल आभार मानून सुरुवात करतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली ज्यांनी सुरू केली ते रानडे न्यायमूर्ती होते. तेव्हा वसंतातल्या व्यासपीठाला कायद्याचे वावडे असण्याचे कारण नाही. मात्र रानडे कायदा शिकलेले होते आणि मी दहावीच्या पुढे शाळेत गेलेला नाही. माझा कायदा हा मालकांच्या नोटिसा वाचता वाचता, वकिलांच्या पायऱ्या झिजवता झिजवता आणि रात्री दिव्याखाली जुनी पुस्तके चाळता चाळता झालेला आहे. चुकलो तर सभागृहात वकील मंडळी दिसत आहेत. त्यांनी शेवटी कान धरावा.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. आमच्या युनियनची कचेरी म्हणजे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमधली एक खोली. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तेथे एक बाई आल्या. त्यांचे यजमान पॉलिश खात्यात होते, आमचे सभासद होते, आणि वर्षापूर्वी छातीच्या आजाराने गेले होते. बरोबर चौदा वर्षांचा मुलगा. बाईंच्या हातात दोन कागद होते. एक जुना, घडीवर फाटू लागलेला. दुसरा नवा, स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, सहीची जागा मोकळी. त्या म्हणाल्या, "भाऊ, धाकटे दीर म्हणतात यावर सही करा. यात काही नाही, नुसती रीत आहे. पन्नास हजार देतो म्हणाले. करू का?"

नवा कागद हक्कसोडपत्राचा होता. जुना कागद म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचे मृत्युपत्र. सासरे मिठागरावर राबलेले. आयुष्याच्या पुंजीतून त्यांनी भाईंदर पश्चिमेला एक बैठे घर केले होते. मृत्युपत्रात मोजून चार ओळी कामाच्या होत्या. हे घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीने हयात असेतो वापरावे, तिच्या पश्चात ते माझ्या थोरल्या मुलाचे व्हावे, धाकट्याला गावची जमीन. सासरे वारले, सासूबाई घरात राहिल्या. आणि सासूबाई हयात असतानाच थोरला मुलगा, म्हणजे आमचा सभासद, गेला. आता दीर म्हणत होते: आई आहे तोवर घर आईचे, आणि आईच्या मागे ते थोरल्याला मिळावयाचे होते; तो तर आधीच गेला, मग त्याच्या बायकोचा संबंध काय राहिला?

ऐकावयास हे इतके सरळ वाटते की मलाही त्या संध्याकाळी ते पटल्यासारखे झाले. ज्याला मिळाले नाही त्याच्या बायकोला काय मिळणार? पण मनात एक गोष्ट खटकली, आणि ती कायद्याची नव्हे, युनियनच्या कामातली आहे. कागदात खरोखरच काही नसेल तर मालक त्यावर सही मागत नसतो. ज्यात काही नाही त्यावर पन्नास हजार कोण देईल? मी बाईंना म्हटले, "ताई, सही करू नका. मला आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत मी जे वाचले आणि ठाण्याच्या एका वकिलांकडून जे समजून घेतले त्याचा हा आजचा विषय.

आता बघा, उद्याची गोष्ट म्हटली की आपण सगळे एकाच मापाने मोजतो: अजून मिळाले नाही ना, मग ते आपले नाही. कायदा तसे मोजत नाही. उद्याचे तीन प्रकार तो वेगळे करतो. एक हक्क असा की जो आजच तुमचा झालेला आहे, फक्त त्याचा उपभोग उद्यावर आहे. दुसरा असा की जो एखादी अट पुरी झाली तरच तुमचा व्हावयाचा. आणि तिसरा हक्कच नव्हे. ती नुसती आशा. वकील पहिल्याला निहित किंवा व्हेस्टेड म्हणतात, दुसऱ्याला कंटिन्जंट. मी ठरलेला हक्क आणि अटीवरचा हक्क म्हणेन.

ठरलेला हक्क कोणता हे कसे ओळखावयाचे? १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचे एकोणिसावे कलम याचे उत्तर देते, आणि ते मला फार आवडले, कारण त्यात कुठेही गूढ नाही. हक्क ज्या घटनेवर टांगला आहे ती घटना घडणारच अशी असेल, तर हक्क आजच ठरला. घडेल किंवा न घडेल अशी असेल, तर हक्क अटीवरचा. आता सांगा, आईचे मरण ही कोणत्या प्रकारची घटना? आपल्यापैकी कोणाचीही आई अमर नाही. ती घटना घडणार. कधी घडणार एवढेच ठाऊक नाही. म्हणून 'पत्नीच्या पश्चात थोरल्या मुलाला' असे म्हटले की सासरे वारले त्या दिवशीच थोरल्याचा हक्क ठरला. आणि त्याच कलमात पुढे असे स्पष्ट म्हटले आहे की ज्याचा हक्क ठरला तो ताबा मिळण्यापूर्वी मेला, म्हणून हक्क मरत नाही. तो त्याच्या वारसांकडे जातो. मृत्युपत्रांसाठी १९२५ सालच्या वारसा कायद्यातही हाच नियम आहे, आणि तेथे दिलेले उदाहरण जवळजवळ आमच्या या घराचेच आहे: एकाला हयातभर, त्याच्या मागे दुसऱ्याला.

पण मृत्युपत्र लिहिणाऱ्याने चार शब्द वेगळे लिहिले असते तर? 'पत्नीच्या पश्चात माझ्या मुलांपैकी जो तेव्हा हयात असेल त्याला' असे असते तर? आई मरेल तेव्हा अमुक मुलगा हयात असेल की नाही, हे कोण सांगणार? मग हक्क अटीवरचा झाला असता, आमचा सभासद आईच्या आधी गेला म्हणून तो त्याच्याबरोबरच गेला असता, आणि दिरांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले असते. त्या मिठागरातल्या माणसाने मृत्युपत्र कोणाकडून लिहवून घेतले मला ठाऊक नाही. लिहिणाऱ्याने तो 'हयात असेल' हा शब्द घातला नाही, आणि त्याच्या सुनेचे घर त्या न लिहिलेल्या शब्दावर उभे राहिले.

अटीवरचा हक्क आपल्या कामगारांना परका नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली होती. मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ती अट नव्हती, पण एरवी होती. या एका अटीने किती डोकी चालली! चार वर्षे दहा महिने झाले की माणसाला कमी करावयाचे, महिनाभराने नव्या नावाने घ्यावयाचे. मी अशा मालकाशी समोरासमोर भांडलो आहे. नाव घेत नाही. पण त्याच्याकडून मी एक धडा घेतला: हक्काला अट जोडलेली असली की ज्याचा फायदा अट न पुरी होण्यात आहे तो माणूस तिच्या आड येऊन उभा राहतो. मिळकतीतही तसेच होते. मृत्युपत्रात 'लग्न केले तर', 'परीक्षा पास झाला तर', 'माझ्या घरात राहिला तर' असे लिहिणारा बाप आपण मुलाला वळण लावतो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो मुलाचा एक विरोधक नेमून जात असतो.

अटींनी भरलेल्या मृत्युपत्राने काय होते याचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्याला लोकमान्यांच्या चरित्रात सापडतो. ताई महाराज प्रकरण हे नाव आपण ऐकलेले असेल, पण ते मिळकतीच्या अंगाने क्वचितच सांगितले जाते.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले होते आणि विश्वस्तांत आपले मित्र टिळक, दादासाहेब खापर्डे आदींची नावे घातली होती. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. त्यांच्या स्वतःच्या उद्याचा भरवसा नव्हता. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. म्हणून मृत्युपत्राला अटी आल्या: मुलगा झाला तर एक, झाला नाही किंवा होऊन वाचला नाही तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक. म्हणजे मालक मेला त्या क्षणी एवढ्या मोठ्या इस्टेटीचा उद्याचा धनी एका न जन्मलेल्या मुलावर, आणि तो नसल्यास एका न निवडलेल्या मुलावर टांगलेला. पुढल्या वर्षाच्या आरंभी मुलगा झाला. जन्मला त्या क्षणी इस्टेट त्याची झाली. दोन महिन्यांत तो गेला. मग दुसरी अट जागी झाली. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. थोड्याच दिवसांत ताई महाराजांचे मन फिरले, कोल्हापूरकडील दुसऱ्या मुलाचे दत्तक त्यांनी घेतले, आणि खटल्यांना तोंड फुटले.

त्या खटल्यांनी टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप आणला, १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. ताई महाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या, पण खटला त्यांच्याहून दीर्घायुषी निघाला. दिवाणी दावा टिळकांच्या बाजूने लागला, १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाने तो फिरवला (टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते), आणि शेवटी १९१५ च्या मार्चमध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक कायम केले. मृत्युपत्रापासून निकालापर्यंत साडेसतरा वर्षे. गीतारहस्य लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली ही वर्षे एका मित्राच्या 'झाला तर' आणि 'न झाला तर' मध्ये अडकली होती. लोक या प्रकरणात टिळकांची चिकाटी पाहतात, ती होतीच. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टिळक, खापर्डे यांच्यासारखे कायदेपंडित विश्वस्त असताना जर हे झाले, तर आपल्या चाळीतल्या माणसाने अटी घालताना किती जपावे?

असो. तिसऱ्या प्रकाराकडे, नुसत्या आशेकडे वळतो. कारण आपल्या घरोघरी सर्वांत जास्त फसवणूक तिच्या नावाने होते.

बाप हयात आहे, घर त्याच्या कमाईचे आहे, मुलगा म्हणतो 'माझा हिस्सा'. कायद्याने त्याला हिस्सा नाही. तो उद्या वारस होईल ही शक्यता आहे. बाप घर विकील, देवळाला देईल, धाकटीच्या नावे करील. ही शक्यता विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, असे त्याच १८८२ च्या कायद्याचे सहावे कलम म्हणते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने बापाच्या घरातला आपला 'हिस्सा' लिहून देऊन सावकाराकडून कर्ज काढले होते. सावकाराच्या हाती कायद्याने रद्दी होती, पण व्याज मात्र खरे होते. तसेच मुलींचे. बाप जिवंत असताना लग्नाच्या मांडवातून निघताना मुलीची हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल आपल्याकडे आहे. बापाच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत तेव्हा तिला सोडण्यासारखा हक्कच नसतो; नसलेले सोडता येत नाही. मात्र एक सावधगिरी: त्याबद्दल मोबदला घेतला असेल तर 'आता तू मागे फिरू शकत नाहीस' असे न्यायालयांनी काही खटल्यांत म्हटले आहे. म्हणून सही करताना पैसे घेतले की नाही, याला महत्त्व आहे.

आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत गोष्ट अगदी उलटी. तेथे हक्क जन्माबरोबर येतो, बापाच्या मरणाची वाट पाहत नाही. पूर्वी हा जन्मसिद्ध हक्क फक्त मुलाला होता. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलीला दिला, सबंध देशात तो २००५ साली आला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगितले की २००५ मध्ये बाप हयात असण्याचीही गरज नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. म्हणजे एकाच मांडवात, एकाच मुलीच्या एका सहीने बापाने घेतलेल्या खोलीबद्दल काहीच जात नाही आणि आजोबांच्या शेताबद्दल सगळे जाते. कागद मात्र दोन्हीला एकच लावतात, आणि तो वाचून दाखवीत नाहीत.

आशा आणि हक्क यांची अदलाबदल कायदा स्वतःही करतो. जुन्या हिंदू कायद्यात नवऱ्याची मिळकत विधवेकडे आली तर ती हयातीपुरती. विकावयाची झाली तर कायदेशीर गरज दाखवावी लागे. तिच्या मागे नवऱ्याचे भाऊबंद, आणि ते तिच्या मरणाची वाट पाहत बसलेले. आमच्या आजीच्या तोंडून मी लहानपणी असे एक घर ऐकले होते, जेथे दीर रोज सकाळी अंगणात येऊन भावजयीला 'बरं आहे ना?' असे विचारीत, आणि ती उत्तर देण्याच्या आधी पाणी फेकीत असे. पण या वाट पाहणाऱ्यांचा हक्क ठरलेला नव्हता, अटीवरचाही नव्हता. ती निव्वळ आशा होती, असे प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटले होते. मुंबई इलाख्यात एक सवलत होती: व्यवहारमयूखाच्या परंपरेने मुलीला किंवा बहिणीला वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीची असे, लग्नाने घरात आलेल्या विधवेला मात्र हयातीपुरतीच. घरात जन्मली ती मालक, घरात आणली ती राखणदार.

डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी काय सोसले आणि १९५१ मध्ये मंत्रिपद का सोडले, हे आपणांस ठाऊक आहे. ते बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी आले. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि त्याच्या चौदाव्या कलमाने विधवेच्या हाती असलेली हयातीपुरती मिळकत एका दिवसात पूर्ण मालकीची केली. वाट पाहणारे वाटच पाहत राहिले. त्यांची काही भरपाई नाही, कारण आशेला भरपाई नसते. त्याच वर्षीच्या दत्तकाच्या कायद्याने दुसरीही एक गोष्ट मिटविली: पूर्वी विधवेने उशिरा घेतलेले दत्तक मागच्या तारखेपासून धरले जाई आणि ज्यांच्याकडे मिळकत येऊन स्थिरावली होती त्यांच्याकडून ती काढून घेतली जाई. १९५६ नंतर दत्तक मूल दुसऱ्याकडे आधीच गेलेली मिळकत ओढून घेऊ शकत नाही.

पण हे चौदावे कलम आमच्या त्या बैठ्या घरात येऊन कसे अडले ते पुढे सांगतो. त्याआधी, मेलेल्या माणसाला उद्यावर किती दूरपर्यंत सत्ता चालविता येते, याबद्दल दोन शब्द.

श्रीमंतांना वाटते की आपण पणतवाच्या पणतवालाही हुकूम सोडावा. विलायतेच्या जमीनदारांनी याचे शास्त्र केले, आणि तेथील न्यायालयांनी १६८२ पासून त्याला लगाम घातला. आपल्याकडे कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर यांचे मृत्युपत्र गाजले. एकुलत्या एका मुलाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी त्याला वगळले, पुतण्याला हयातभर इस्टेट दिली आणि पुढे पुरुषवंशात पिढ्यान् पिढ्या ती कशी जावी हे लिहून ठेवले. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की जो जन्मलाच नाही त्याला हिंदू कायद्याने देता येत नाही. पुतण्याची हयात संपली की इस्टेट वळणार कोणाकडे? ज्याला वगळले त्या मुलाकडेच. बापाने इतकी दारे लावली आणि मुलगा मागच्या दाराने आत येण्याचा धनी ठरला! (याच प्रसन्नकुमारांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात कायद्याची टागोर व्याख्याने सुरू झाली.) १९१६ च्या कायद्याने न जन्मलेल्याला देण्याची बंदी सैल झाली, पण मर्यादा राहिली: आज हयात असलेल्या माणसांचे आयुष्य आणि त्यानंतर एका मुलाचे अज्ञानपण, एवढ्यापलीकडे हक्क ठरण्याचे लांबविता येत नाही.

ही मर्यादा खासगी मृत्युपत्रांना आणि बक्षीसपत्रांना. भाडेपट्ट्याची गोष्ट वेगळी, आणि आपण ज्या मातीवर बसलो आहोत तिच्यासंबंधीच हे आहे. १८७० साली इंग्रज सरकारने मिरे, भाईंदर आणि घोडबंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना पट्ट्याने दिल्या. मुदत ९९९ वर्षे. बेरीज करा: २८६९. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आज जितकी वर्षे झाली त्याच्या दुपटीहून अधिक वर्षे अजून त्यात बाकी आहेत. पट्टा संपला की जमीन देणाऱ्याकडे परत जाते, आणि हा परतीचा हक्क, मजा बघा, ठरलेला हक्क आहे. कारण २८६९ साल येणारच. देणारे सरकार १९४७ मध्ये गेले, हक्क राहिला आणि पुढच्या सरकारकडे आला. पट्ट्याचे हक्कही हातोहात फिरत पुढे एका खासगी कंपनीकडे गेले. साष्टीतल्या इस्टेटींची शेतसारामाफी १९५१ च्या कायद्याने रद्द झाली. तरी या गावांत जमिनीच्या व्यवहाराला कोणाचा ना-हरकत दाखला लागतो, यावरून दशकानुदशके वाद चालले. १९८५ मध्ये आपली नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. शेतकरी, मिठागरवाले, चाळवाले, सोसायट्यावाले, सगळे एका दीडशे वर्षांपूर्वीच्या सहीशी झगडत आले आहेत. तेव्हा उद्याचा हक्क हा पुस्तकातला विषय आहे असे कोणी म्हणाले तर त्याला आपला सातबारा काढावयास सांगावे.

आता त्या घराकडे येतो.

ठाण्याच्या वकिलांनी मृत्युपत्र वाचले आणि म्हणाले, "दोन वाटा आहेत." पहिली वाट मी सांगितलेली: थोरल्याचा हक्क बाप वारला तेव्हाच ठरला होता. तो मृत्युपत्र न करता गेला, म्हणून तो हक्क त्याच्या वारसांचा. वारस कोण? बायको, मुलगा आणि आई. होय, आईसुद्धा, हे आपण नेहमी विसरतो. तिघांचे सारखे तीन भाग. आईच्या मागे तिचा तिसरा हिस्सा तिच्या वारसांत, म्हणजे धाकटा मुलगा आणि हा नातू यांच्यात, निम्मा निम्मा. हिशेब मी तेथेच कागदाच्या पाठीवर केला: बाईंना एक तृतीयांश, नातवाला निम्मे, धाकट्या दिरांना एक षष्ठांश.

दुसरी वाट चौदाव्या कलमाची. मृत्युपत्राने आईला हयातीपुरते दिले खरे, पण ते तिच्या पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी दिले असे ठरले, तर ती पूर्ण मालकीण होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुलसम्मांच्या खटल्यात असा अर्थ लावला. पण मृत्युपत्राने मुद्दाम मर्यादा घातली असेल तर ती पाळावी, असे म्हणणारे निकालही आहेत. दोहोंचा मेळ बसेना म्हणून २०२४ च्या डिसेंबरात हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविण्यात आला. समजा आई मालकीण ठरली आणि तिने स्वतः मृत्युपत्र केले नाही. तर तिच्या मागे धाकटा मुलगा निम्मा आणि मेलेल्या मुलाचा मुलगा, म्हणजे हा नातू, निम्मा. सुनेला या वाटेने काही नाही. कायद्याने सासूच्या मिळकतीत नातवाला बसविले आहे, विधवा सुनेला नाही. हे मला पटत नाही, पण तसे आहे.

दोन्ही वाटांनी नातवाला निम्मे घर येते. मी दोनदा बेरीज केली. आणि दिरांनी सांगितलेली तिसरी वाट, म्हणजे 'थोरला गेला, सगळे माझे', ती त्या मृत्युपत्रातून कुठूनच निघत नव्हती.

आता हक्कसोडपत्राची खुबी पाहा. नुसती आशा असती तर बाईंनी सही करूनही फारसे बिघडले नसते. त्यांच्यापाशी ठरलेला हक्क होता म्हणूनच ती सही चालली असती, एक तृतीयांश घर पन्नास हजारांत गेले असते. मुलाचा हिस्सा मात्र तेव्हाही वाचला असता. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून आईलाही देऊन टाकता येत नाही. त्या कागदात मुलाच्या वतीने म्हणून आईची दुसरी सही मागितलेली होती.

पुढच्या रविवारी मी त्या घरी गेलो. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. धाकटे दीरही होते. माणूस वाईट नव्हता. त्यालाही कोणी तरी तसेच सांगितले होते, आणि घराच्या पुनर्बांधणीचे बोलणे सुरू झाल्यामुळे तो घाबरला होता की आपण रस्त्यावर येऊ. मी त्याला एक षष्ठांशाचा आणि निम्म्याचा असे दोन्ही हिशेब दाखविले. तो बराच वेळ बोटांवर मोजत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मला काहीच नाही असंही नाही." नाहीच म्हणून मी सांगितले.

आजी सगळे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे पोराचं आजपासूनच आहे, पण मी गेल्यावर हाती येणार, असंच ना?"

मी म्हटले, "होय आजी. तसंच."

"मग मला जायची घाई कोणी करू नका," असे म्हणून त्या चहा टाकावयास उठल्या.

मृत्युपत्राची मूळ प्रत आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईंच्या पेटीत ठेवलेली आहे. हक्कसोडपत्र दिरांनी परत मागितले नाही. ते आमच्या कचेरीच्या कपाटात पडून आहे, आणि नवे कार्यकर्ते आले की मी त्यांना ते वाचावयास देतो. अध्यक्षांनी घंटी वाजविली आहे. प्रश्न असतील तर बाहेर अंगणात उभा आहे. आपापली मृत्युपत्रे घरी ठेवून या, तोंडी बोलू.